सावकाश सात

६ फेब्रुवारी

मावशी,

जेवणाच्या टेबलावर काय मांडून ठेवलंय, असं विचारलं होतंस. मतमोजणीचं मशीन आहे. जुनं, भंगारातून विकत घेतलेलं. वजन एकोणीस किलो. जिन्यावरून वर आणायला मला आणि शेजारच्या सुताराला पंचवीस मिनिटं लागली. सध्या मी खिडकीच्या कठड्यावर ताट ठेवून जेवते. काळजी करू नकोस, कठडा रुंद आहे.

या मशीनवर मी एक लेख लिहून इंटरनेटवर माझ्या पानावर टाकला आहे. खाली नाव नाही, ‘एक तंत्रज्ञ’ एवढंच आहे. प्रयोगशाळेत आम्ही दुकानांचे वजनकाटे तपासतो. बाहेर काही छापायचं तर वरिष्ठांना विचारावं लागतं, आणि वजनकाटेवालीने मतमोजणीत नाक खुपसलेलं त्यांना आवडेल असं वाटत नाही.

दोष साधा आहे. मतपत्रिका मशीनमध्ये अडकली की झाकण उघडायचं, ती काढून पुन्हा घालायची, झाकण लावून दाबून धरायचं आणि किल्ली फिरवायची. किल्ली लगेच फिरवली तर मशीन आधीची पत्रिका आणखी एकदा मोजतं. पाच सेकंदांच्या आत फिरवली तर शंभरातून एक्क्याण्णव वेळा असं होतं, सहा सेकंदांनंतर एकदाही नाही. किती थांबायचं हे कंपनीच्या माहितीपुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. पुस्तकातल्या सूचना मी जशाच्या तशा दिल्या आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः पडताळता येईल. नवी मशीनंही आतून हीच आहेत, आणि एकोणीस मार्चला निवडणूक आहे.

गेल्या वेळी आपल्या जिल्ह्यातल्या नऊ केंद्रांपैकी आठ ठिकाणी मशीनचा आकडा हातमोजणीपेक्षा दोन ते पाचने जास्त भरला. तुमच्या गावच्या केंद्रात फरक शून्य. तो शून्य का, ते मला कळलेलं नाही, आणि न कळलेली गोष्ट मला टोचते.

तुमच्या कचेरीत मशीन आल्यावर वर्षभरातच तुझी बदली मतमोजणीतून नोंदणी विभागात झाली होती, म्हणून तुला विचारलं नाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, तेव्हा वाचनालयातल्या बाईंकडून लेख छापून घे. पानाचा पत्ता मागे लिहिला आहे.

तुझी भाची


१२ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

सात वर्षांची असताना तू माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशा मोजून एक फरशी दोन सुतांनी लहान असल्याचं जाहीर केलं होतंस. तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं, ही मुलगी पुढे कुणाच्या तरी डोळ्यांत खुपणार. ती हसली होती.

लेख वाचला. वाचनालयातल्या बाईंनी छापून दिला आणि वर विचारलं, “हे तुमच्या घरातल्या कुणी लिहिलंय का हो?” मी म्हटलं, “छे! आमच्या घरात कुणाला इतकं कोरडं लिहिता येत नाही.” खोटं बोलले. अगं, आकडे आहेत, तक्ते आहेत, पण वाचताना पाणी प्यावंसं वाटतं. एखाद्या वाक्यात माणूस घालायचास की.

एक सांगू? त्या सूचना ‘निष्काळजीपणे लिहिलेल्या आहेत’ असं तू दोनदा म्हटलंयस. दहा सूचना म्हणून नऊच दिल्यात, हे खरं. किल्ली मशीनच्या उजव्या अंगाला असताना ती डाव्या हाताने फिरवा म्हटलंय आणि त्यासाठी हातांची कात्री करावी लागते, हेही खरं असेल. पण ज्याने कुणी लिहिलं त्याने काहीतरी विचार करून लिहिलं असेल. निष्काळजी हा शब्द फार मोठा आहे. तो काढता आला तर बघ.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. कठड्यावर जेवू नकोस, पाठ धरेल.

मावशी


१७ फेब्रुवारी

मावशी,

शब्दाचा पुन्हा विचार केला. दहा म्हणून नऊ देणं आणि डावं-उजवं चुकवणं, या दोन्ही गोष्टी निष्काळजीपणात मोडतात. शब्द बरोबर आहे.

ते पान मात्र सध्या बंद आहे. थोडं काम चालू आहे. वाचनालयात उघडलं नाही तर त्या बाईंचा दोष नाही.

सुताराने घडीचं टेबल करून दिलं, आता त्यावर जेवते. उंची बहात्तर सेंटिमीटर, पाठीला बरी. गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवलंस का?

तुझी भाची


२३ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

तू रागावलीस. पत्र केवढंसं, आणि त्यात टेबलाची उंची! मी लेखाला कोरडा म्हटलं, शब्द काढ म्हटलं आणि तू अख्खा लेखच उतरवलास. तुझ्या आईचं अगदी हेच. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की ती पातेलंच उचलून न्यायची.

तो लेख परत लाव. शब्दही राहू दे. तो शब्द मला लागला, त्याचं कारण वेगळं आहे. मी ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्या सूचना मी लिहिल्यात.

एकोणीस वर्षांपूर्वी पहिलं मशीन चाचणीसाठी आमच्या कचेरीत आलं. त्याची वायर पुढच्या बाजूने निघते (कुणाचं डोकं असेल ते!) आणि आमच्याकडे सॉकेट होतं एकच, खिडकीखाली. मशीनचं तोंड भिंतीकडे फिरवलं तरच वायर पोचायची. मग आम्ही मशीनच्या पाठीमागे उभं राहून, वरून वाकून पत्रिका घालायचो. पाठीमागून बघ, किल्ली डाव्या हाताला येते की नाही? कचेरीतल्या सगळ्यांना जमावं म्हणून मी पुठ्ठ्यावर सूचना लिहिल्या आणि भिंतीला लावल्या. कंपनीचा एक माणूस यायचा, शर्टाला कडक इस्त्री. “बाई, किती सोपं करून लिहिलंय तुम्ही!” म्हणाला आणि डायरीत उतरवून घेतलं. मला केवढा अभिमान वाटला होता. पुस्तकात छापून आलंय हे मला तुझ्या लेखावरून कळलं. शब्द न् शब्द माझे. ‘झाकण हलकेच लावा, ते रागावत नाही पण तुटतं’ असं दुसरं कोण लिहील?

आता मुद्द्याचं. किल्ली लगेच फिरवली की आकडा वाढतो, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मनात सात मोजून फिरवली की वाढत नव्हता. मी सगळ्यांना तसं शिकवलं. ते पुठ्ठ्यावरही लिहिलं होतं असं मला पक्कं आठवतं. पण तुझ्या लेखातल्या नऊ सूचनांत ते कुठे नाही. म्हणजे मीच लिहायला विसरले. दहा म्हटलं आणि नऊ लिहिल्या. आठ केंद्रांत मतं जास्त मोजली गेली ती माझ्या विसरण्यामुळे. तुझा शब्द बरोबर आहे गं. गेले अकरा दिवस मी तो घेऊन घरात फिरतेय.

मावशी


२६ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. आधी तीन गोष्टी.

मी रागावलेले नाही. पान मी उतरवलेलं नाही. आणि अकरा दिवस तू हे एकटीने घेऊन फिरलीस, त्याला माझं १७ तारखेचं पत्रही कारणीभूत आहे. त्यात मी खरं लिहिलं नव्हतं.

खरं असं आहे. मतमोजणी मशीनच्या कंपनीने माझं पान ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांना नोटीस पाठवली. लेख चुकीचा आहे असं त्या नोटिशीत कुठेही म्हटलेलं नाही. दोष आहे की नाही याबद्दल एक अक्षर नाही. म्हटलंय एवढंच, की त्या नऊ सूचना त्यांच्या पुस्तकातल्या आहेत, त्यांचा कॉपीराइट कंपनीचा आहे आणि मी त्या विनापरवाना छापल्या. सर्व्हरवाले अशा वेळी आधी पान बंद करतात, मग विचारतात. टीका करताना आवश्यक तेवढं उतरवता येतं, ही सोय कायद्यात आहे. पण ती मागायची तर मला खऱ्या नावाने, पत्त्यासह हरकत नोंदवावी लागेल, आणि ते नाव-पत्ता थेट कंपनीकडे जाईल. मग कंपनीने दहा कामाच्या दिवसांत कोर्ट गाठलं नाही तर पान परत सुरू होतं. निवडणूक एकोणीसला आहे. हरकत चार मार्चच्या आत गेली नाही तर लेख निवडणुकीनंतर दिसेल. तेव्हा तो दिसून उपयोग नाही.

मी नऊ दिवस नाव द्यायचं की नाही हेच ठरवत बसले होते. तुझं पत्र आलं आणि विभागप्रमुख बाईंकडे गेले. त्या वजनं पुसत होत्या. ते काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

“आकडे बरोबर आहेत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“किती वेळा मोजलेत?”

“दोनशे.”

“मग नाव लपवण्यासारखं काय आहे त्यात? चुकलेल्या काट्यावर आपण दुकानाचं नाव लिहितो. बरोबर आकड्यावर आपलं लिहायला काय जातं?” आणि मी दारापर्यंत गेल्यावर, “परवानगीचा अर्ज टेबलावर ठेवा. कालची तारीख घालू नका, मला चालत नाही.”

आता तू. पुठ्ठ्यावर ‘सात’ची ओळ नव्हती असं तू गृहीत धरलं आहेस. मी धरत नाही. दहा सूचना म्हणून सुरुवात करणाऱ्या बाईने नऊ लिहिल्या, याला पुरावा नाही. कंपनीने दहातली एक गाळली आणि वरचा आकडा बदलायला विसरली, हेही तितकंच शक्य आहे. पुठ्ठा पाहिल्याशिवाय दोन्हींतलं काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा:

पुठ्ठा अजून आहे का? असला तर भिंतीवरून काढू नकोस. आहे तिथेच त्याचा फोटो काढायला सांग, कोपरे दिसतील असा. तारीख किंवा शिक्का आहे का ते बघ. सूचना मोजून घे. दोनदा.

आणि एक. तू तेव्हा नोकरीत होतीस, त्यामुळे त्या लेखनाचा हक्क कदाचित तुझा नसून कचेरीचा असेल. पण तुझा असो की कचेरीचा, कंपनीचा तो नाही.

शब्दाबद्दल मी नंतर लिहीन. आत्ता नीट लिहिता येणार नाही.

तुझी भाची


२८ फेब्रुवारी

फूटपट्टीबाई,

तुझं पत्र सकाळी मिळालं. गुडघ्याला म्हटलं, आज कुरकुर करायची नाही, आणि थेट कचेरी गाठली. हेही जलद टपालाने पाठवतेय.

मतमोजणीची ती खोली आता अर्धी गोदाम झालीय. विभागाची प्रमुख कोण असेल? मी शिकवलेली तीच, जिला आम्ही ‘घाई’ म्हणायचो. चहा थांबून प्यायला तिला कधी जमलं नाही. आता चष्मा आलाय, आवाज तोच. मला बघून ओरडली, “बाई! तुम्ही? कुणी तक्रार केली का आमची?”

मी म्हटलं, “पुठ्ठा कुठाय?”

“कुठला पुठ्ठा?”

“माझा.”

“अहो, कपाटामागे आहे. नवं कपाट आलं तेव्हा शिपाई काढायला निघाला होता. मी म्हटलं, बाईंचा पुठ्ठा काढलास तर बघ. मग कपाटच त्याच्यापुढे ठेवलं.”

दोन शिपाई, घाई आणि मी, असं चौघांनी कपाट सरकवलं. म्हणजे तिघांनी सरकवलं, मी सूचना दिल्या. पुठ्ठा पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय, पण अक्षर माझंच आहे. वर लिहिलंय, ‘खालील दहा सूचना क्रमाने पाळाव्यात.’ मी मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या, तू सांगितलंस म्हणून. दहा.

सहावी अशी आहे: ‘मनात सावकाश सात मोजा. मशीनलाही दम लागतो.’

अगं, मी तिथेच गोण्यांवर बसले. घाईला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. चक्कर कसली! सोळा दिवसांचं ओझं उतरलं, म्हणून बसले. त्या इस्त्रीवाल्याने किंवा त्याच्या साहेबाने ती ओळ गाळली असणार. एवढं महागाचं मशीन आणि त्याच्यासमोर माणसाने बोटं मोजत उभं राहायचं, हे छापायला त्यांना लाज वाटली असेल. लाज वाटली ती वाटली, वरच्या ‘दहा’चे ‘नऊ’ तरी करायचे!

तुझ्या शून्याचंही कळलं. मी घाईला विचारलं, “पत्रिका अडकली की तुम्ही काय करता?” ती म्हणाली, “काय करायचंय? सात मोजायचे आणि किल्ली.” मी म्हटलं, “पुठ्ठा तर कपाटामागे, मग कुणी सांगितलं?” “कुणी म्हणजे? तुम्ही मला, मी या पोरींना. का हो, बाकीचे मोजत नाहीत?”

ऐकलंस? तिला वाटत होतं सगळं जग मोजतंय.

पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात कचेरीचा गोल शिक्का आहे आणि तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. कंपनीचं पुस्तक त्यानंतर दीड वर्षाने आल्याची नोंद घाईने आवक वहीतून काढून दिली. सगळ्याचे फोटो सोबत आहेत, कोपऱ्यांसकट. कचेरीच्या साहेबांनी पत्र दिलंय, की मजकूर कचेरीचा आहे आणि तो कुणीही कुठेही छापावा, कचेरीची हरकत नाही. खाली मी सही केलीय, नाव आणि पत्त्यासकट. ते तुझ्या हरकतीला जोड. तुझं एकटीचं नाव त्यांच्याकडे जायला नको. दोन बायका म्हटलं की माणूस जरा जपून बोलतो.

मावशी


१८ मार्च

मावशी,

लेख काल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी परत दिसू लागला.

हरकत दोन मार्चला पाठवली, दोन्ही नावांनी. कंपनीच्या वकिलांनी आठ दिवस काहीच कळवलं नाही. मग एक पत्र आलं, की गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे. कोर्टात कुणी गेलं नाही. मुदत संपली तशी सर्व्हरवाल्यांनी पान उघडलं. त्याआधी, पाच तारखेलाच, पुठ्ठ्याचे फोटो आणि माझे तक्ते मी निवडणूक कार्यालयाला पाठवले होते. तिथल्या अभियंत्याने स्वतःच्या मशीनवर करून पाहिलं आणि फोन केला. म्हणाला, “तुमचे एक्क्याण्णव आले, माझे त्र्याण्णव.” मी म्हटलं, “तुमची किल्ली जास्त वापरलेली असेल.” तो हसला. मी गंमत केली नव्हती. काल नऊही केंद्रांना माझ्या लेखातल्या सात मोजण्याच्या ओळीसह परिपत्रक गेलं.

लेख मी पुन्हा लिहिला आहे. ‘निष्काळजीपणे’ हा शब्द दोन्ही ठिकाणांहून काढला. जागा मोकळी ठेवली नाही. पहिल्या ठिकाणी वायर आणि सॉकेटचं लिहिलं. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं, की मूळ सूचना दहा होत्या आणि ज्या बाईंनी त्या लिहिल्या त्यांना हा दोष एकोणीस वर्षांपूर्वी ठाऊक होता. वाक्यात माणूस घाल म्हणाली होतीस. घातला.

मी मशीन उलटं फिरवून पाठीमागून चालवूनही पाहिलं. हात आपोआप जागेवर जातात. दोनशे वेळा समोरून मोजताना एकदाही पाठीमागे जाऊन उभं राहावंसं वाटलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि ज्या घरात मी मोजायला शिकले, त्या घरातल्या माणसाला आधी विचारलं नाही, याचं जास्त.

सहावी सूचना ठळक अक्षरांत दिली आहे: ‘मनात सात मोजा, मग किल्ली फिरवा.’ ‘सावकाश’ आणि दम लागण्याचं गाळलं. ‘सावकाश’ला एकक नाही.

तुझी भाची


२४ मार्च

प्रिय फूटपट्टी,

निवडणूक झाली, मोजणी झाली, कोण जिंकलं ते तुला पेपरात कळलंच असेल. मी दुसरंच सांगते.

घाईने मला मोजणीच्या दिवशी पाहुण्यांच्या बाकावर बसवलं. सहा टेबलं, सहा मशीनं, आणि सॉकेटं आता भरपूर. तरी आमच्या पोरी मशीनच्या पाठीमागेच उभ्या! मी विचारलं, “आता समोर का नाही उभ्या राहत?” तर म्हणे, “समोरून हात चुकतात.” पत्रिका अडकली की सगळं टेबल गप्प, नुसते ओठ हलायचे. हॉलभर शाळा भरल्यासारखं वाटत होतं. बाकावर माझ्या शेजारी एका उमेदवाराचे वडील होते. त्यांनी घाबरून विचारलं, “या काय पुटपुटतायत?” मी म्हटलं, “तुमचं मत दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मोजतायत.” ते म्हणाले, “आमचं दोनदा मोजलं तर चालेल की!” मी असं बघितलं, की पुढे दिवसभर त्यांनी मला पाणी आणून दिलं.

हातमोजणीशी ताडून पाहिलं. आमचा फरक शून्य. बाकीच्यांचं संध्याकाळी घाईने फोन करून करून विचारलं. आणखी सात ठिकाणी शून्य. एका ठिकाणी एक.

तो एक कुठून आला, याची घाईने चौकशी केली. तिथला कारकून म्हणाला, “परिपत्रकात होतं तसंच केलं, सात मोजले.” घाई म्हणाली, “मोजून दाखव.” त्याने एकदोनतीनचारपाचसहासात असं एका दमात म्हणून दाखवलं. ती म्हणते, “बाई, मला घाई म्हणायचात ना? तुम्ही याला ऐकायला हवं होतं.”

मी काही म्हणत नाही. तुला एकक हवं असतं, हे मला माहीत आहे.

मावशी


२९ मार्च

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग घड्याळ लावून भराभर सात मोजून पाहिले. एक पूर्णांक आठ सेकंद. ‘सावकाश’ सात मोजले तर साडेसहा. मशीनला सहा लागतात.

तो एक माझा आहे. कंपनीने तुझी ओळ गाळली, मी तुझा शब्द गाळला. त्यांच्यामुळे आठ केंद्रं चुकली, माझ्यामुळे एक. दोन ते पाचवरून एकावर आलं ही सुधारणा आहे, पण शून्य नाही.

आज लेख दुरुस्त केला. दुरुस्तीची तारीख आणि कारण खाली दिलं आहे: ‘मूळ सूचनेतला एक आवश्यक शब्द लेखिकेने निष्काळजीपणे गाळला होता.’ शब्द तपासला. इथे तो बरोबर आहे. निवडणूक कार्यालयालाही कळवलं. अभियंता म्हणाला, नव्या परिपत्रकात पुठ्ठ्याचा फोटोच छापतो, वाळवीसकट.

लेखाखाली ‘एक तंत्रज्ञ’ होतं ते काढलं. आता दोन नावं आहेत. तुझं आधी, कारण तू आधी मोजलंस.

मशीन टेबलावरून हलवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात ये. साडेसहा हा आकडा माझ्या मोजण्याचा आहे, आणि मी ‘सावकाश’ तुझ्याइतकं ओळखत नाही. तू पाठीमागे उभी राहून मोज, मी समोर घड्याळ धरते.

जेवायला घडीचं टेबल आहे. दोघी मावतो. मोजलं आहे.

तुझी
फूटपट्टी